पुस्तक उघडं ठेवून वेब डिझाइन शिकताना: सोलापुरी चादरीच्या दुकानाचं संकेतस्थळ

वेब डिझाइनचं पुस्तक गादीवर लोळत वाचायचं नसतं. ते कीबोर्डच्या डाव्या हाताला उघडं ठेवायचं, पान मिटू नये म्हणून त्यावर एखादं वजन ठेवायचं आणि त्यातला प्रत्येक नमुना स्वतःच्या बोटांनी टाइप करायचा. दुसरी अटही तितकीच महत्त्वाची. पुस्तकातल्या नमुन्यात कॉफीचं दुकान किंवा परदेशी बेकरी असेल, तर ती एकदा करून पाहायची आणि लगेच तेच पान आपल्या मजकुरावर बेतून पुन्हा करायचं. इथे आम्ही चादरी आणि टॉवेल विकणाऱ्या एका काल्पनिक सोलापुरी दुकानाचं चार पानांचं संकेतस्थळ धरून चाललो आहोत: मुखपृष्ठ, माल, दरपत्रक आणि संपर्क. मजकूर मराठीत. इंग्रजी पुस्तकातली रीत मराठी मजकुराला लावली की कुठे अडतं, हे त्यामुळे पहिल्याच महिन्यात कळतं. पुस्तकात त्याबद्दल बहुधा एक ओळही नसते.

पानाचा मजकूर आणि रचना एचटीएमएलमध्ये लिहितात, त्याचं रूप सीएसएसमध्ये. टॅग म्हणजे मजकुराचा कोणता भाग काय आहे हे सांगणारी एचटीएमएलची खूण, आणि गुणधर्म म्हणजे त्या खुणेला किंवा रूपाला दिलेली सूचना. टॅगची आणि गुणधर्मांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायची.

पुस्तक निवडताना

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर आधी प्रकाशनाचं साल पाहा, मग अनुक्रमणिका आणि शेवटची सूची. सूचीत फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (पानाची मांडणी करायच्या दोन रीती), मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलायची सोय) आणि रिस्पॉन्सिव्ह (लहान-मोठ्या कुठल्याही पडद्यावर नीट बसणारं) हे चार शब्द सापडले पाहिजेत, आणि एकेका ओळीत उरकलेले नकोत, त्यांना स्वतंत्र प्रकरणं हवीत. सीएसएस ग्रिड प्रमुख ब्राउझरांमध्ये २०१७ साली आलं. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकात पानाची मांडणी बहुधा फ्लोटने (घटक डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या जुन्या युक्तीने) किंवा टेबलने केलेली असते. ती शिकण्यात महिना गेला की ती विसरण्यात आणखी एक महिना जातो. फ्लॅशवर (ब्राउझरात हलती चित्रं दाखवणाऱ्या जुन्या तंत्रावर) प्रकरण असेल तर पुस्तक खाली ठेवा. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला. इंटरनेट एक्स्प्लोरर या जुन्या ब्राउझरसाठीच्या क्लृप्त्या असतील तरी तेच, तो जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. फॉन्ट आणि सेंटर हे आता बाद झालेले टॅग शिकवणारं पुस्तक रद्दीत स्वस्त मिळालं तरी महाग पडतं.

जुन्या पुस्तकातली रंगसंगती, अक्षरयोजना आणि मोकळ्या जागेचा विचार ही प्रकरणं मात्र आजही तितकीच उपयोगी आहेत. तेवढ्यासाठी ते ग्रंथालयातून आणा. मुख्य पुस्तक स्वतःचं असावं, कारण समासात पेन्सिलीने लिहायचं आहे आणि ते तीन महिने टेबलावर राहणार आहे. विकत घेण्याआधी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात तसं पुस्तक मिळालं, तर दोन-तीन प्रकरणं वाचून पाहा. लेखकाची भाषा डोक्यात उतरते की नाही, हे तेवढ्यात कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तकाची धास्ती वाटते. खरं तर सुरुवातीच्या कामाला कोडमधले चाळीसेक शब्द पुरतात आणि ते दोन आठवड्यांत तोंडात बसतात. एक छोटी वही करा. डावीकडे शब्द, उजवीकडे स्वतःच्या मराठीत अर्थ: पॅडिंग म्हणजे मजकूर आणि काठ यांमधली जागा, मार्जिन म्हणजे काठाबाहेरची जागा. शब्दकोशातला अर्थ लिहू नका, पडद्यावर काय झालं ते लिहा.

संगणकाची तयारी

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. व्हीएस कोड हा संपादक मोफत आहे. क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन्ही ब्राउझर ठेवा, कारण एकात चुकून बरोबर दिसणारी गोष्ट दुसऱ्यात उघडी पडते.

पहिलं काम विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शनं (नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी अक्षरं) दिसू देण्याचं. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत ती सोय आहे. ती बंद असली की नोटपॅडमध्ये साठवलेली इंडेक्स डॉट एचटीएमएल प्रत्यक्षात इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी होते, ब्राउझर कोडचा मजकूर जसाच्या तसा दाखवतो आणि शिकणारा संध्याकाळभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मग एक फोल्डर करा. त्यात चार एचटीएमएल फाइली, एक सीएसएस फाइल आणि इमेजेस नावाचा उपफोल्डर. फाइलींची नावं इंग्रजीत, सगळी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, शब्द जोडायला आडवी रेघ. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. विंडोज मोठ्या आणि छोट्या अक्षरांत फरक करत नाही, पण बहुतेक सर्व्हर (साइट जिथे ठेवतात ते संगणक) लिनक्सवर चालतात आणि ते करतात. मोबाइलने फोटोला दिलेलं जेपीजी मोठ्या अक्षरांत असेल आणि कोडमध्ये तुम्ही ते छोट्या अक्षरांत लिहिलं असेल, तर घरच्या संगणकावर फोटो दिसेल आणि साइट वर चढवल्यावर गायब होईल.

विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या. विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते. इथे एक खास आपल्याकडचा खड्डा आहे. परिच्छेद मराठीत टाइप करून सीएसएस फाइलीकडे वळताना भाषा बदलायची राहते आणि अक्षराचा आकार देवनागरी अंकांत लिहिला जातो. आपल्या डोळ्यांना ते बरोबरच वाटतं, पण सीएसएसला फक्त इंग्रजी अंक कळतात. ती ओळ गुपचूप वगळली जाते.

एक प्रकरण, तीन फेऱ्या

रोज दीड तास आणि सहा ते आठ पानं हा वेग चांगला. त्याहून जास्त पानं उलटत असाल तर तुम्ही वाचत आहात, करत नाही आहात.

पहिल्या फेरीत पुस्तकातला नमुना अक्षरशः उतरवा. पीडीएफमधून कॉपी करू नका. छापील पुस्तकांत आणि पीडीएफमध्ये अवतरणचिन्हं कधीकधी वळणदार छापलेली असतात. कोडला सरळ अवतरणचिन्हं लागतात. वळणदार चिन्ह आलं की ब्राउझर ते चिन्हच क्लासच्या (सीएसएस लावण्यासाठी घटकाला दिलेल्या) नावाचा भाग समजतो आणि तुमची सीएसएस त्या घटकाला लागत नाही. वर्डमध्ये कोड लिहिणाऱ्यांच्या बाबतीतही हेच होतं. छापील पानावर आणखी दोन फसगती असतात: इंग्रजी एल आणि एक हा अंक सारखा दिसतो, आणि ओळ पुरली नाही म्हणून तोडलेला शब्द जोडताना टाकलेली आडवी रेघ कोडचा भाग वाटते.

दुसऱ्या फेरीत पुस्तक मिटा आणि तेच पान कोऱ्या फाइलीत आठवणीने लिहा. अडलात तर पुस्तक उघडा, पाहा, मिटा आणि पुढे लिहा. जिथे अडलात तिथे पेन्सिलीने खूण करा. चार प्रकरणांनंतर या खुणा पाहिल्या की आपलं काय कच्चं आहे ते कळतं. बहुतेकांच्या खुणा बॉक्स मॉडेलच्या, म्हणजे रुंदी, पॅडिंग, काठ आणि मार्जिन यांच्या हिशेबाच्या, आसपास दाटलेल्या असतात.

तिसरी फेरी दुकानाची. त्याच तंत्राने चादरीच्या साइटचा एक भाग करा. टॅगच्या प्रकरणानंतर दुकानाची माहिती, टेबलच्या प्रकरणानंतर दरपत्रक, फ्लेक्सबॉक्सनंतर वरची पट्टी.

आणि प्रत्येक फेरीनंतर पान मुद्दाम मोडा. एखाद्या टॅगचा बंद करणारा भाग पुसा आणि काय होतं ते पाहा. एचटीएमएल चूक दाखवत नाही, ब्राउझर अंदाजाने पुढे जातो. शीर्षकाचा टॅग बंद करायचा राहिला तर खालचा मजकूरही शीर्षकाएवढा मोठा दिसू लागतो. सीएसएसमध्ये एका ओळीनंतरचा अर्धविराम काढा: ती ओळ तर जातेच, तिच्या खालची ओळही जाते, कारण अर्धविराम येईपर्यंतचं सगळं ब्राउझर एकच विधान धरतो. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर त्यापुढचे नियम बिघडतात. म्हणून सीएसएसमधली चूक शोधताना जिथे बिघाड दिसतो त्याच्या वरची ओळ आधी पाहायची. या चुका एकदा हाताने करून पाहिल्या की पुढे त्यांचा चेहरा ओळखीचा होतो.

पुस्तकासोबत डाउनलोड करायला दिलेला कोड असतो. तो फक्त तुलनेसाठी वापरा. व्हीएस कोडमध्ये दोन फाइली निवडून त्यांची तुलना करता येते आणि फरकाच्या ओळी रंगाने दिसतात. दोन्ही फाइली अगदी सारख्या असूनही पान चुकत असेल, तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर त्या पुस्तकाचं शुद्धिपत्र शोधा. छापील कोडमध्ये चुका राहतात.

एचटीएमएल: आधी मजकूर, मग रूप

कागदावर मजकूर पूर्ण लिहून झाल्याशिवाय टॅग टाकू नका. पानाचं एकच मुख्य शीर्षक एच-वनमध्ये, उपशीर्षकं एच-टूमध्ये, त्याखालची एच-थ्रीमध्ये. अक्षर मोठं दिसावं म्हणून टॅग निवडायचा नाही, ते सीएसएसचं काम. हेडर, नॅव्ह, मेन आणि फूटर हे टॅग पुस्तकात उशिरा आले तरी पहिल्यापासून वापरा. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचकाने (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पान ऐकते, तेव्हा तिला याच टॅगांमुळे थेट मुख्य मजकुरावर उडी मारता येते.

हेडमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या, पानात न दिसणाऱ्या भागात) तीन ओळी कधीच चुकवायच्या नाहीत. पहिली, अक्षरं फाइलीत कशी साठवली आहेत हे सांगणारी, कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ असल्याची मेटा ओळ. ती फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावी लागते, म्हणून हेड उघडल्यावर लगेच लिहा. ती नसली की मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसू शकते. दुसरी व्ह्यूपोर्टची, म्हणजे पडद्याची खरी रुंदी धरायला सांगणारी ओळ. ती नसेल तर मोबाइल आपण ९८० पिक्सेल रुंद आहोत असं समजून पान मांडतो आणि मग ते आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी होतात. तिसरी टायटल, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं नाव. त्यात नुसतं ‘मुखपृष्ठ’ लिहू नका, ‘सोलापुरी चादरी आणि टॉवेल, दरपत्रक’ असं त्या पानाचं नेमकं नाव द्या.

टेबल वाईट असं काही पुस्तकांत ठासून लिहिलेलं असतं, त्याने गोंधळ होतो. पानाची मांडणी टेबलने करायची नाही, इतकाच त्याचा अर्थ. दरपत्रक हे खरोखरच टेबल आहे: चादरीचा प्रकार, माप, रंग, दर. ६० बाय ९० इंचांची चादर आणि ३० बाय ६० इंचांचा टॉवेल हा मजकूर टेबलमध्येच शोभतो. वरच्या ओळीला टीएच आणि बाकी कप्प्यांना टीडी. संपर्काच्या पानावर फोन क्रमांकाला टेल हा दुवा लावा, पुढे अधिक ९१ सह, म्हणजे मोबाइलवर बोट लावताच फोन लागतो.

पुस्तकात नसलेलं प्रकरण: देवनागरी

इथे सावकाश चला. इंग्रजी पुस्तकातल्या सीएसएसमधल्या किमती रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेल्या असतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला असतो.

सर्वांत आधी एचटीएमएलच्या पहिल्या टॅगवर लँग या गुणधर्मात एमआर लिहा. पुस्तकात तिथे ईएन असतं आणि उतरवताना ते तसंच राहून जातं. मग ब्राउझर मराठी पानाला इंग्रजी समजतो आणि पडदावाचक ते चुकीच्या आवाजात वाचू पाहतो. शिवाय मराठीतला ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे असतात. ज्या फॉन्टांत दोन्ही रूपांची सोय आहे ते भाषेच्या या खुणेवरूनच मराठी रूप निवडतात. सोलापुरात एकाच दुकानाच्या पाटीवर मराठी, तेलुगू आणि कन्नड नांदतात. तसंच पानावर करायचं असेल तर तेलुगू वाक्याच्या टॅगवर टीई आणि कन्नड वाक्यावर केएन लिहा आणि त्या लिप्यांसाठी नोटो सान्स तेलुगू, नोटो सान्स कन्नड हे फॉन्ट जोडा.

ओळीची उंची, म्हणजे लाइन-हाइट, पुस्तकात बहुधा दीडच्या आसपास आणि शीर्षकासाठी १.१ किंवा १.२ असते. देवनागरी परिच्छेदाला १.७ ठेवा, शीर्षकाला किमान १.४. शीर्षक दोन ओळींत मोडलं की १.१ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षराचा आकार परिच्छेदासाठी १७ किंवा १८ पिक्सेल घ्या. त्याच आकड्याला रोमनपेक्षा देवनागरी लहान भासते.

लेटर-स्पेसिंग मराठीला लावूच नका. अक्षरांमध्ये जागा पडली की शिरोरेषा तुटते आणि ‘सोलापूर’ सुटे दात असल्यासारखं दिसतं. पुस्तकातला देखणा मेनू बहुधा याच गुणधर्मावर उभा असतो, म्हणून नेमकी तीच ओळ लोक उतरवतात. मेनूला मोकळीक हवी असेल तर शब्दांच्या डावी-उजवीकडे पॅडिंग द्या. इंग्रजी अक्षरं कॅपिटल करणारा टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म देवनागरीवर काहीच करत नाही. तिरपं अक्षरही टाळा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांना खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर उभं अक्षर ओढून वाकडं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा रंग बदला.

फॉन्ट निवडताना गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, हिंद, बलू, नोटो सान्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळतात. परिच्छेदाला मुक्ता किंवा नोटो, मोठ्या शीर्षकाला बलू अशी जोडी चांगली बसते. निवडण्याआधी ही ओळ त्या फॉन्टात लिहून पाहा: ‘दऱ्या, कुऱ्हाड, लक्ष्मी, शृंगार, बाळ, ॲप, ऑफिस, ₹’. ऱ्यातला अर्धा र चुकला किंवा ॲच्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट मराठीसाठी नाही. वजनं दोनच घ्या, साधं आणि ठळक. प्रत्येक वजन म्हणजे डाउनलोड होणारी आणखी एक फाइल, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल रोमनपेक्षा जड असते.

दुकानदाराकडून मजकूर घेताना आणखी एक अडचण येते. छापखान्यातून आलेलं जुनं माहितीपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टच्या जुन्या संकेतावर टाइप केलेलं असू शकतं. ते कॉपी करून पानावर टाकलं की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरं नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो मजकूर परिवर्तकातून (संकेत बदलून देणाऱ्या साधनातून) काढून युनिकोड (सगळीकडे चालणारा अक्षरसंकेत) करून घ्या आणि मग ओळन् ओळ तपासा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे परिवर्तक घसरतात. मजकूर दोन पानांचा असेल तर सरळ पुन्हा टाइप करणं कमी वेळात होतं.

सीएसएस: पेटी, मग चौकटी

बॉक्स मॉडेलचं प्रकरण दोनदा करा. समजा कार्डाची (एका वस्तूचा फोटो आणि माहिती असलेल्या चौकटीची) रुंदी ३०० पिक्सेल, पॅडिंग २० आणि काठ २ पिक्सेल. पडद्यावर ते ३०० भरत नाही, ३४४ भरतं: दोन्ही बाजूंचं पॅडिंग ४०, दोन्ही काठ ४. म्हणून ६०० च्या जागेत दोन कार्डं शेजारी बसत नाहीत. फाइलीच्या सुरुवातीलाच सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंगची बॉर्डर-बॉक्स ही किंमत द्या, मग ३०० म्हणजे ३००. मार्जिनचा हिशेब आणखी वेगळा. वरच्या परिच्छेदाचं खालचं मार्जिन ३० आणि खालच्याचं वरचं २० असेल तर मध्ये ५० सुटत नाही, मोठं तेवढं उरतं, म्हणजे ३०.

नियम लागत नसेल तर बहुतेक वेळा दुसरा नियम त्याच्यावर बसलेला असतो. आयडी (पानावरच्या एकाच घटकाला दिलेलं नाव) क्लासला हरवतो, क्लास साध्या टॅगला हरवतो, आणि दोन्ही सारख्या ताकदीचे असतील तर फाइलीत नंतर आलेला जिंकतो. शिकताना रूपासाठी फक्त क्लास वापरा, आयडी नको. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. त्या घटकावर उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट, म्हणजे त्याला लागलेले नियम दाखवणारी ब्राउझरची चौकट, उघडा. खोडलेली आणि पिवळ्या त्रिकोणाची ओळ म्हणजे लिहिण्यात चूक. त्रिकोण नसलेली खोडलेली ओळ म्हणजे लिहिलंय बरोबर, पण दुसऱ्या नियमाने मात केली.

फ्लेक्सबॉक्स एका दिशेच्या मांडणीसाठी: वरची पट्टी, बटणांची रांग. ग्रिड दोन्ही दिशांसाठी. जॅकार्ड मागावरच्या चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटींत रंगवतात आणि त्या चौकटींवरून मागाला नक्षी सांगणाऱ्या पत्त्यांना भोकं पाडतात. ग्रिडचं प्रकरण सुरू करण्याआधी तुम्हीही मालाचं पान तसंच चौकटीच्या वहीत काढा. मोबाइलसाठी एक, टॅब्लेटसाठी एक, संगणकासाठी एक.

मालाच्या पानाला स्तंभांसाठी रिपीट, त्यात ऑटो-फिट आणि मिनमॅक्समध्ये २२० पिक्सेल ते १ एफआर (प्रत्येक स्तंभ किमान २२०, उरलेली जागा सारखी वाटून) ही मांडणी द्या, मधली जागा १६ पिक्सेल आणि पानाच्या दोन्ही कडांना १६ पॅडिंग. आता हिशेब करा. ३६० रुंदीच्या मोबाइलवर हातात ३२८ उरतात. दोन कार्डांना ४५६ लागतात, म्हणून एकच स्तंभ. ७६८ वर उरतात ७३६, तीन कार्डांना ६९२ लागतात, तीन स्तंभ. १२०० वर उरतात ११६८, पाच कार्डांना ११६४ लागतात, पाच स्तंभ. एकही मीडिया क्वेरी न लिहिता. पण हा हिशेब कागदावर केल्याशिवाय ती ओळ उतरवू नका, नाहीतर २२० च्या जागी ४०० लिहाल आणि मोबाइलवर पान आडवं सरकू लागेल.

रंगांत एकच आकडा लक्षात ठेवा: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ तफावत, मोठ्या शीर्षकाला ३ ला १. इन्स्पेक्टमध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो. चादरीचा भडक लाल आणि गडद निळा चादरीवरच राहू द्या. पान पांढरट ठेवलं तर माल उठून दिसतो.

फोटो

शिकणाऱ्यांची बहुतेक पानं फोटोंमुळे जड होतात. मोबाइलवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा आणि काही एमबींचा असतो. कार्डाला ८०० पिक्सेल रुंदी आणि १००-१५० केबी पुरतात. स्क्वूश हे फोटो लहान करायचं साधन ब्राउझरमध्येच मोफत चालतं, त्यात रुंदी कमी करून वेबपी या हलक्या स्वरूपात साठवा. नुसती सीएसएसने रुंदी घटवली तर फोटो लहान दिसतो, उतरतो मात्र अख्खा. आयएमजी टॅगवर विड्थ आणि हाइट लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखली जाते आणि वाचताना मजकूर खाली उडी मारत नाही. आल्टमध्ये, म्हणजे फोटो न दिसणाऱ्याला वाचून दाखवल्या जाणाऱ्या मजकुरात, ‘फोटो १’ नको. ‘लाल-काळ्या चौकटींची सुती चादर, घडी घातलेली’ असं लिहा. आणि चादरीचे फोटो सकाळी सावलीत काढा. ट्यूबलाइटखाली रंग बदलतो आणि मग गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

जावास्क्रिप्ट आत्ता नको

बहुतेक पुस्तकांच्या शेवटी जावास्क्रिप्टची (पानाला हालचाल आणि प्रतिसाद देणाऱ्या भाषेची) प्रकरणं असतात. चारही पानं जावास्क्रिप्टशिवाय नीट चालेपर्यंत ती उघडू नका.

वर चढवणं

सरावासाठी गिटहब पेजेस ही साइट मोफत ठेवू देणारी सेवा पुरते. खातं काढा, सार्वजनिक रेपॉझिटरी (फाइली ठेवायची जागा) करा, फाइली चढवा, सेटिंग्जमधल्या पेजेसमध्ये मेन शाखा (फाइलींची मुख्य आवृत्ती) निवडा. काही मिनिटांत पत्ता मिळतो. मुखपृष्ठाच्या फाइलीचं नाव इंडेक्सच हवं आणि ती फोल्डरच्या आत दडलेली नको. कोडमध्ये सी ड्राइव्हचा पत्ता राहिला असेल तर फोटो फक्त तुमच्याच संगणकावर दिसतो. फोटोच्या पत्त्याची सुरुवात तिरप्या रेघेने केली असेल तर तोही तुटतो, कारण तुमची साइट त्या पत्त्याच्या उपफोल्डरात असते आणि तिरपी रेघ मुळापासून शोधायला सांगते. सार्वजनिक रेपॉझिटरी कोणालाही वाचता येते, त्यामुळे गिऱ्हाइकांचे फोन किंवा पत्ते त्यात ठेवू नका. प्रत्यक्ष विक्री करणारं दुकान तिथे चालवायला परवानगी नाही; खऱ्या दुकानासाठी स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घ्यावं लागतं, आणि डोमेनचे पैसे दर वर्षी भरावे लागतात हे दुकानदाराला आधीच सांगा.

चढवल्यावर प्रत्येक पान वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मोफत व्हॅलिडेटरमधून (कोड तपासणाऱ्या साधनातून) काढा. यादी लांबलचक आली तरी पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा चालवा; एका न बंद केलेल्या टॅगमुळे खालच्या दहा चुका उगवलेल्या असतात. बदल दिसत नसेल तर कंट्रोल आणि एफ-५ दाबा, ब्राउझर जुनी सीएसएस धरून बसलेला असतो. मग इन्स्पेक्टच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करून पान उघडा. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत उभं राहून कुणी तुमचं दरपत्रक उघडलं तर त्याला इतकाच वेग मिळू शकतो, हे धरून चाला.

शेवटी साइटचा पत्ता अशा माणसाला द्या ज्याने ती बनताना पाहिली नाही. घरातली मावशी असो की फलटण गल्लीतला ओळखीचा कापड दुकानदार, त्यांच्याच फोनवर उघडायला सांगा आणि ‘डबल चादरीचा दर काय आहे, शोधून सांगा’ एवढंच म्हणा. मग गप्प बसा. बोट कुठे जातं, कुठे थबकतं, काय दाबून काहीच होत नाही, ते वहीत टिपून घ्या. ‘तिथे वर मेनू आहे ना’ असं सांगावंसं वाटलं की तो मेनू बदलायचा आहे, असं समजा. तीन माणसांकडून हे करून घ्या, टिपणं पुस्तकाशेजारी ठेवा आणि मांडणीचं प्रकरण पुन्हा उघडा.